धावपटू स्त्रियांचा अल्पाहार आणि स्नायूंची कार्यशक्ती

माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठून दहावे स्थान मिळविले. अशा यशामुळे सातारा जिल्ह्यातील उंब्रजसारख्या गावांतील मुलींनाही दीर्घ पल्ल्याच्या धावण्याची ओढ वाटावी, हे स्वाभाविक होय. परंतु या क्षेत्रात ‘शरीर जितके हलके, तितका वेग अधिक’ असा एक समज रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. आहार अल्प की पुरेसा, हे केवळ ताटावरून ठरत नाही. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीराच्या नित्य व्यापारांसाठी किती ऊर्जा उरते, यावरून ते ठरते. या शिलकीस ‘ऊर्जा-उपलब्धता’ म्हणतात. मेदविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ४५ उष्मांक उरावेत, असे मानतात. ३० च्या खाली धोका संभवतो.

समजा, एका मुलीचे मेदविरहित वजन ४० किलो आहे. ती १८०० उष्मांकांचा आहार घेते व धावण्यात ८०० खर्च करते. उरले १०००, म्हणजे किलोमागे केवळ २५. घरच्यांच्या दृष्टीने तिचे जेवण व्यवस्थित असते. तिची गरज मात्र २६०० उष्मांकांची असते.

ही तूट शरीर काटकसरीने भरून काढते. प्रजननाशी संबंधित संप्रेरके मंदावतात, मासिक पाळी अनियमित होते वा थांबते. स्नायूंतील प्रथिनांची नवनिर्मितीही घटते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३० प्रशिक्षित स्त्रियांपैकी काहींना दहा दिवस २५, तर इतरांना ५० उष्मांकांच्या पातळीवर ठेवले होते. प्रथिने भरपूर देऊनही पहिल्या गटात ही नवनिर्मिती कमी झाल्याचे आढळले. पाळी थांबलेल्या धावपटूंच्या गुडघ्याच्या स्नायूंची ताकद व सहनशक्ती कमी असल्याचेही अन्य अभ्यासात दिसून आले आहे.

तात्पर्य, उपासमारीने वजनाबरोबर वेग देणारा स्नायूही दुबळा होतो. पाळी चुकणे ही कठोर सरावाची खूण नसून तुटीची पूर्वसूचना होय. प्रशिक्षकांनी व पालकांनी ती संकोच न धरता विचारात घ्यावी, आणि सराव वाढताच ताटातील भाकरीही वाढवावी.