मुरगळलेला घोटा आणि चार पावले

लालबाग-परळच्या गिरणगावाने ज्या कबड्डीला पोसले, तिच्या मैदानावर पट निघून एखाद्या चढाईपटूचा घोटा मुरगळला की गर्दीतून पहिला हुकूम सुटतो तो तेल लावून चोळण्याचा आणि दुसरा, जरा शिकलेल्यांकडून, तत्काळ एक्स-रे काढण्याचा; वस्तुतः या दोहोंपूर्वी करावयाची परीक्षा जाणत्या बोटांनी दोन मिनिटांत होण्यासारखी आहे. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार घोट्याच्या दोन्ही अंगांच्या हाडांची टोके आणि त्यांच्या मागील कडेचा खालचा सहा सेंटिमीटर भाग दाबून पाहावा. तेथे हाड दुखले, अथवा इजा होताच आणि पुन्हा तपासणीच्या वेळीही, लंगडत का होईना, चार पावले पडली नाहीत, तर एक्स-रे काढावा. एरव्ही हाड मोडल्याचा संभव अत्यल्प. पायाच्या मधल्या भागाकरिता असेच दोन बिंदू निराळे आहेत. लहान मुले, मद्यधुंद माणसे आणि बधिर पाय यांना मात्र हा नियम लावू नये.

मालिशवाल्याचा लौकिक का टिकतो, हेही उघड आहे: साधी मुरगळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय चोळणाऱ्याच्या खाती जमा होते.

गुडघ्याचा मामला अधिक नाजूक. पाऊल पकडीत अडकून अंग फिरले, आत 'टक्' झाले आणि दोन-तीन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आतील स्नायुबंध तुटल्याची शंका घ्यावी. डॉक्टर गुडघा किंचित वाकवून एका हाताने मांडी धरतात व दुसऱ्याने नडगी पुढे ओढतात; शाबूत गुडघा ताणलेल्या दोरासारखा एकदम अडतो, तुटलेला पुढे सरकतच राहतो. मग शस्त्रक्रियेची घाई! परंतु स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आरंभीच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायामोपचार घेऊन गरज पडल्यासच शस्त्रक्रियेकडे वळलेले, यांच्या स्थितीत दोन वर्षांअखेर लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिकांना तोवर शस्त्रक्रिया लागलीच नव्हती. अर्थात हा व्यायाम म्हणजे महिनोन्महिने देखरेखीखाली करावयाची मेहनत. ज्या परळात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच दशकात केईएम रुग्णालयाने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू केले, तेथल्या खेळाडूने तिला दुय्यम इलाज समजावे, हे मला तरी विपरीत वाटते.

शिवाजी पार्कवर गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर दुखत राहिली, तर मणक्याच्या हाडाला ताणामुळे चीर गेली नसल्याची खातरजमा करूनच त्याच्या हाती पुन्हा चेंडू द्यावा. आणि घोटा मुरगळलेल्यास पहिले दोन-तीन दिवस चोळू नये, शेकू नये. दुखणे सोसेल तितके चालू मात्र द्यावे.