वनभूमीच्या लहान धारणेसाठी जुना लघु ट्रॅक्टर : निवडीची तत्त्वे

अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः न्यू इंग्लंडच्या राज्यांत, वनभूमीचा मोठा हिस्सा खाजगी कुटुंबांच्या मालकीचा आहे, आणि त्यांतील कित्येक धारणा पाच-दहा एकरांपासून वीस-पंचवीस एकरांपर्यंतच्याच आहेत. ही जमीन एके काळी शेतीखाली होती. एकोणिसाव्या शतकात शेती पश्चिमेकडील सपाट व सुपीक प्रदेशांत सरकली आणि सोडून दिलेल्या शेतांवर ओक, मेपल व पाइन यांचे रान पुन्हा माजले. जुन्या शेतांच्या सीमा दर्शविणाऱ्या दगडी भिंती आजही दाट झाडीत आढळतात. अशा जमिनीच्या मालकास वर्षभर निरनिराळी कामे असतात: पडलेली वा तोडलेली झाडे जळणासाठी ओढून आणणे, वाटांवरील झुडपे कापणे, खडी पसरणे, हिवाळ्यात बर्फ हटविणे. ही कामे माणसाच्या बळाने होण्यासारखी नसतात. उलट, नवा ट्रॅक्टर घ्यावा तर वर्षाकाठी थोडे तास चालणाऱ्या यंत्रात एवढे भांडवल गुंतविणे परवडत नाही. म्हणून बहुतेकांची दृष्टी जुन्या लघु ट्रॅक्टरकडे वळते. लघु ट्रॅक्टर म्हणजे स्थूलमानाने १५ ते ४० अश्वशक्तीचा, अरुंद वाटेने जाऊ शकणारा ट्रॅक्टर, असे येथे गृहीत धरले आहे.

असा ट्रॅक्टर निवडताना ग्राहक सामान्यतः तीन गोष्टी पाहतो: अश्वशक्ती, मीटरवरील तास आणि किंमत. वनभूमीच्या कामात मात्र ह्या तिन्ही गोष्टी दुय्यम होत. यंत्राचे वजन, त्याचा तोल व त्याची वंशावळ यांचा विचार प्रथम करावयास हवा. त्याची कारणे प्रस्तुत लेखात विशद केली आहेत.

१. अश्वशक्ती आणि वजन

एका साध्या उदाहरणावरून हा मुद्दा स्पष्ट होईल. सरासरी १६ इंच व्यासाचा व १६ फूट लांबीचा ओंडका घेतला तर त्याचे घनफळ सुमारे २२ घनफूट भरते. नुकत्याच तोडलेल्या लाल ओकचे वजन दर घनफुटास साधारणतः ६० ते ६५ पौंड असते. म्हणजेच हा एक ओंडका सुमारे १,४०० पौंडांचा झाला. तो जमिनीवरून फरपटत नेताना होणारा रोध त्याच्या वजनाच्या निम्मा मानला, तर सपाट जागी ७०० पौंडांची ओढ लागेल. दहा फुटांस एक फूट असा चढ असेल तर तीत आणखी १४० पौंडांची भर पडेल.

ही ८४० पौंडांची ओढ ताशी दोन मैल वेगाने द्यावयाची झाल्यास लागणारी शक्ती साडेचार अश्वशक्तींहून अधिक नाही. ट्रॅक्टर स्वतः चढ चढतो त्याची शक्ती मिळविली तरीही हा आकडा सहाच्या आसपासच राहतो. तेव्हा १५ अश्वशक्तीचे इंजिनही ह्या कामास, निदान कागदावर, पुरून उरते.

तथापि इंजिनाची शक्ती जमिनीपर्यंत पोहोचते ती चाकांच्या पकडीतून, आणि पकड अवलंबून असते चालक चाकांवरील भारावर. पालापाचोळ्याने झाकलेल्या जमिनीवर ही पकड भाराच्या निम्मी धरू. १,४०० पौंड वजनाच्या चारचाकी चालनाच्या ट्रॅक्टरला त्यामुळे फार तर ७०० पौंडांचा रेटा मिळेल. त्याला मात्र ओंडक्यासाठी ८४० आणि स्वतःच्या चढणीसाठी १४०, असा एकूण ९८० पौंडांचा रेटा हवा आहे. परिणामी चाके जागच्या जागी फिरत राहतील. त्याच शक्तीचा, परंतु २,८०० पौंड वजनाचा ट्रॅक्टर घेतल्यास लागणारा रेटा १,१२० पौंड व मिळणारा १,४०० पौंड होतो. चाकांच्या फिरण्यास होणारा रोध वजा केल्यावरही काम जेमतेम का होईना, पार पडते. हाच जड ट्रॅक्टर केवळ मागील दोन चाकांनी चालणारा असेल आणि त्याच्या भाराचे ६० टक्के मागील आसावर असतील, तर मिळणारा रेटा ८४० पौंडांवर येतो. ओढीमुळे काही भार मागे सरकतो हे खरे. परंतु पुढील चाके त्याच प्रमाणात हलकी होतात व ट्रॅक्टर वळविणे कठीण होते.

ह्यावरून दोन निष्कर्ष निघतात. वनकामासाठी चारचाकी चालन ही चैन नसून गरज आहे. आणि दोन ट्रॅक्टरांची तुलना अश्वशक्तीवरून न करता वजन व ओढशक्ती यांवरून करावयास हवी. अमेरिकेत नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा करून ट्रॅक्टरांची चाचणी आवश्यक केली व १९२० पासून तेथील विद्यापीठात अशा चाचण्या होऊ लागल्या. एखाद्या जुन्या नमुन्याचा चाचणी-अहवाल उपलब्ध असल्यास विक्रेत्याच्या वर्णनापेक्षा तो अधिक विश्वसनीय होय. अश्वशक्तीचा खरा उपयोग झुडपे कापण्याच्या फिरत्या पात्याच्या यंत्रासाठी असतो. तेथे रुंदीच्या दर फुटास सुमारे पाच अश्वशक्ती हा व्यवहारातील ठोकताळा आहे. पाच फुटी यंत्रासाठी पंचवीस अश्वशक्ती पुरेशी समजतात.

२. जुन्या बाजारातील तीन कुळे

जुन्या बाजारात येणारे लघु ट्रॅक्टर प्रामुख्याने तीन कुळांतील असतात, आणि प्रत्येकाचे गुणदोष त्याच्या जन्मकाळाशी निगडित आहेत.

पहिले कुळ फोर्ड कंपनीच्या १९३९ ते १९५२ या काळातील ट्रॅक्टरांचे. हॅरी फर्ग्युसन यांच्या त्रिबिंदू जोडणीमुळे अवजार ट्रॅक्टरचाच एक अवयव बनले आणि ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. ह्या मालिकेतील '८-एन' नमुन्याचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. त्यामुळे सुटे भाग आजही सहज मिळतात. परंतु इंजिनाची शक्ती अवजारास पुरविणारा फिरता दंड, ज्यास व्यवहारात पी.टी.ओ. म्हणतात, तो ह्या ट्रॅक्टरांत गिअरपेटीमार्फत फिरतो. चालकाने क्लच दाबला तरी झुडूपकापणी यंत्राची जड पाती आपल्या गतिसंचयाने तो दंड फिरवीत राहतात आणि दंड चाकांना पुढे ढकलतो. पुढे झाड वा घळ असता ट्रॅक्टर थांबत नाही, हा प्रसंग जिवावर बेतणारा आहे. एकाच दिशेने शक्ती वाहू देणारा जोड दंडावर बसविल्यास हा दोष दूर होतो. तो बसविलेला नसेल तर असे यंत्र झाडीत नेऊच नये. शिवाय ह्या ट्रॅक्टरांचा हायड्रॉलिक पंपही त्याच दंडाशी बांधलेला असल्याने पुढील लोडरच्या कामास ते सोयीचे नाहीत.

दुसरे कुळ जपानी बनावटीचे, परंतु अमेरिकेसाठी तयार केलेले. कुबोटा कंपनीने १९६९ साली सुमारे २१ अश्वशक्तीचा 'एल-२००' अमेरिकेत आणला. अमेरिकन कारखाने तोवर मोठ्या ट्रॅक्टरांकडे वळले होते आणि लहान धारणेची गरज दुर्लक्षित राहिली होती. ती ह्या डिझेल यंत्रांनी भरून काढली. पुढे जॉन डिअर कंपनीनेही यान्मार ह्या जपानी कारखान्याकडून आपल्या नावाचे लहान ट्रॅक्टर बनवून घेतले. सामान्य ग्राहकासाठी हे कुळ सर्वांत निर्धोक होय.

तिसरे कुळ दिसावयास दुसऱ्यासारखेच, पण वस्तुतः निराळे आहे. जपानच्या भातखाचरांत वापरून झालेले ट्रॅक्टर तेथून आयात करून, रंगरंगोटी करून, स्वस्तात विकले गेले. त्यांवरील सूचना जपानी भाषेत असतात, काहींचा पी.टी.ओ. अनेक वेगांचा असतो, आणि माती घोळणाऱ्या अवजारासाठी योजलेला चढा वेग ताशी नव्हे, मिनिटास ५४० फेऱ्यांसाठी बनविलेल्या अमेरिकन कापणी यंत्रास दिल्यास यंत्र फुटण्याचा संभव असतो. नमुनेही भिन्न असल्याने अधिकृत विक्रेत्याकडे त्यांचे भाग मिळतीलच असे नाही. ह्या प्रश्नाची तड न्यायालयात लागली. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने १९९७ साली कुबोटा नाममुद्रेच्या अशा अनेक नमुन्यांच्या आयातीस मनाई केली आणि १९९९ साली गॅमट ट्रेडिंग कंपनीच्या खटल्यात फेडरल सर्किट न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. माल वापरलेला आहे एवढ्यावरून हे भेद गौण ठरत नाहीत, हे त्या निर्णयाचे सार; इंग्रजी सूचनांचा अभाव आणि सुट्या भागांची व सेवेची अडचण यांस त्यात महत्त्व होते. नाममुद्रा ओळखीची असली तरी नमुन्याचा क्रमांक पाहिल्यावाचून व्यवहार करू नये, हा धडा ह्या खटल्यापासून घ्यावयाचा.

३. तोल आणि चालकाची सुरक्षितता

ट्रॅक्टरवरील प्राणघातक अपघातांत उलटण्याचे अपघात अग्रभागी आहेत. वनभूमीत बुंधे, दगड, खड्डे आणि उतार एकत्र येत असल्याने हा धोका अधिकच वाढतो. ओंडका बुंध्याला अडला आणि साखळी मागील आसाच्या वर बांधलेली असली, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचा पुढील भाग आसाभोवती वर उचलला जातो. सावरता न येण्याची अवस्था एका सेकंदाहूनही कमी अवधीत येऊ शकते. चालकाने धोका ओळखून क्लच दाबेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून ओढ नेहमी आसाच्या खालील ओढदांडीलाच बांधावी आणि जुन्या ट्रॅक्टरला मूळची ओढदांडी आहे की नाही हे अवश्य पाहावे.

ह्या अपघातावरील खरा उपाय म्हणजे चालकामागील उलटरक्षक चौकट. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली आणि पुढील दशकांत तेथील असे मृत्यू नाममात्र उरले. अमेरिकेत २५ ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या, वीसपेक्षा अधिक अश्वशक्तीच्या व नोकरांकडून चालविल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरांना ती बंधनकारक झाली. स्वतःचा ट्रॅक्टर स्वतः चालविणारा मालक ह्या नियमाच्या कक्षेबाहेर राहिला. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथील उत्पादकांनी ती आपण होऊन सर्वत्र बसविण्यास आरंभ केला. पट्टा बांधलेला असता ही चौकट उलटण्यातील मृत्यू जवळजवळ पूर्णपणे टाळते. चौकट नसेल वा दुमडलेली असेल तेव्हा मात्र पट्टा बांधू नये.

येथे वनभूमीची एक विशेष अडचण आहे. उंच चौकट फांद्यांना अडते, म्हणून मालक ती दुमडतो, आणि पुढे पुढे काढूनही ठेवतो. जुन्या बाजारात चौकटीविना आढळणाऱ्या ट्रॅक्टरांपैकी काहींचा इतिहास हाच असतो. फांद्या छाटाव्यात, चौकट काढू नये. गावच्या लोहाराकडून जोडून घेतलेली चौकट ही चौकट नव्हे. तसेच मूळ चौकटीला भोके पाडलेली वा वितळजोड केलेला असल्यास तिच्यावर विसंबता येत नाही. उन्हासाठी बसविलेले छप्परही पडत्या फांदीपासून रक्षण करीत नाही.

४. प्रत्यक्ष परीक्षण

परीक्षणास जाण्यापूर्वी इंजिन तापवून ठेवू नये असे विक्रेत्यास कळवावे, कारण थंड डिझेल इंजिनाचा आरंभ बरेच काही सांगून जातो. इंजिन तापल्यावरही निळा धूर येत राहिला तर ते तेल जाळीत आहे असे समजावे. पांढरा धूर टिकून राहिल्यास ज्वलन अपुरे होत असावे किंवा थंडाव्याचे पाणी आत शिरत असावे. हायड्रॉलिक तेल दुधाळ दिसणे हे त्यात पाणी मिसळल्याचे लक्षण होय. मागील जोडणीवर वजन उचलून इंजिन बंद करावे. ते झपाट्याने खाली आले तर आतील सील वा झडपा झिजल्या आहेत. तासांचा मीटर बदलता येतो, पण पायाखालील पेडलांची झीज, आसनाची अवस्था आणि लोडरच्या खिळींतील ढिलेपणा सहसा खोटे बोलत नाहीत.

वनात वापरलेल्या यंत्राचे पोट पाहणे विशेष अगत्याचे असते. खालून गेलेल्या तेलनळ्या, गाळणी व पुढील आसाचे सील फांद्यांनी आणि बुंध्यांनी दुखावले जातात. चाकांत वजनासाठी कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण भरलेले असल्यास झडपेभोवतीची रिम गंजलेली आहे काय ते पाहावे. टायर जाड थरांचे असावेत. गवताळ अंगणासाठी बनविलेले मऊ टायर बुंध्यांपुढे टिकत नाहीत. धुराडे वर असेल तर फांद्यांत अडकते, खाली असेल तर वाळल्या पानांना आग लागण्याची भीती असते. दोहोंपैकी जे असेल त्याची योग्य तजवीज करावी.

५. उपसंहार

अशा रीतीने पाहिले असता जुन्या ट्रॅक्टरची खरी किंमत म्हणजे विक्रेता मागतो ती रक्कम नव्हे. तीत उलटरक्षक चौकट, पी.टी.ओ.चा संरक्षक जोड व आवरण, टायर आणि आवश्यक दुरुस्ती यांचा खर्च मिळविल्यानंतर येणारी बेरीज हीच तुलनेस घ्यावी. कित्येकदा स्वस्त वाटणारा ट्रॅक्टर ह्या हिशेबात महाग ठरतो, आणि ज्यावर चौकट बसविण्याची सोयच नाही तो कोणत्याही किमतीस महाग असतो.

ह्या विचाराचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्याने १९६७ साली स्थापन झालेल्या व्ही.एस.टी. कंपनीचे सुमारे १८ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर, तसेच त्या वर्गातील इतर देशी ट्रॅक्टर, द्राक्षबागांत व फळबागांत वापरले जातात, आणि जुने म्हणून हस्तांतरितही होतात. सपाट बागेतून निघालेले असे यंत्र कोकणातील वा सह्याद्रीच्या उतारावरील झाडीत नेले जाते तेव्हा त्याच्याकडून बनावटीबाहेरच्या कामाची अपेक्षा केली जाते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी-अहवालांत वजन व ओढशक्ती यांचे आकडे मिळतात. ते अश्वशक्तीच्या आकड्याआधी वाचले जाणे इष्ट आहे. इंजिन दुर्बळ निघाले तर काम अडते एवढेच. तोल ढळला तर मात्र ते चुकविण्यास चालकाला अवधी मिळत नाही.