मावळांतील पानांचे रंग

आश्विन महिना लागला म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागांत व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर या डोंगराळ प्रांतांकडे मोटारींची रीघ लागते. तेथें कोणाची जत्रा नसते, कीं कसला उत्सव नसतो. लोक जातात तें केवळ झाडांचीं पानें पाहावयास! मेपल नांवाच्या वृक्षाचीं पानें त्या दोन-तीन आठवड्यांत लालभडक होतात, बर्च पिंवळा होतो, आणि सबंध डोंगर पेटल्यासारखा दिसूं लागतो. जपानांतहि ही रीत फार जुनी आहे. आपल्या काश्मीरांत चिनार तांबडे होतात त्या ऋतूस हरूद असें नांवच आहे. पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतील मुलें आतां परदेशीं असतात. त्यांच्याकडून अशीं छायाचित्रें येतात, तीं घरभर फिरतात, आणि मग कोणी तरी विचारतें, "आपल्याकडे असें कांहीं नाहीं का हो?"

आहे. परंतु तें आश्विनांत शोधूं गेल्यास सांपडावयाचें नाहीं, आणि त्याचें कारणहि निराळें आहे.

मावळांतील एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें भूगोल शिकविला. निबंधांत मुलें हटकून लिहीत, 'शरद ऋतूंत पानें पिंवळीं पडून गळतात.' हें वाक्य इंग्रजी वाचनपुस्तकांतून उतरलेलें असे. खिडकीबाहेर आंबा हिरवागार, वड हिरवागार, आणि वहींत मात्र पानगळ! आपल्या भाषेनें हा घोटाळा कधीं केला नव्हता. आपली पानगळ शिशिरांतली, म्हणजे माघ-फाल्गुनांतली. कालिदासाच्या 'ऋतुसंहारां'तला शरद पाहा. तो पिकलेल्या साळीचा आणि फुललेल्या काशतृणाचा आहे.

आतां थंड देशांतील पान रंगतें कसें तें आधीं पाहूं. पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. या द्रव्याच्या योगानें पान सूर्यप्रकाशावर झाडाचें अन्न शिजवितें. हें द्रव्य टिकाऊ नसतें; तें सारखें मोडतें आणि सारखें नवें घडवावें लागतें. उत्तरेकडे या ऋतूंत दिवस झपाट्यानें लहान होत जातात. बोस्टन शहरीं वर्षांतला मोठ्यांत मोठा दिवस सुमारें १५ तासांचा, तर लहानांत लहान सुमारें ९ तासांचा असतो. पुण्यास हेंच अंतर १३ व ११ तासांचें आहे. दिवस आंखडूं लागले ही खूण ओळखून झाड आवराआवर सुरू करतें. पानांतील नत्रासारखीं मोलाचीं द्रव्यें फांदींत परत ओढून घेतलीं जातात, नवें हरितद्रव्य घडविणें थांबतें, आणि देठाच्या बुडाशीं बुचासारखा एक पातळ थर तयार होऊं लागतो. हिरवा रंग ओसरला कीं त्याच्या आड मुळांतच असलेला पिंवळा रंग उघडा पडतो. गाजराला रंग देणारें जें द्रव्य त्याच्याच कुळांतला हा रंग. तांबड्याची गोष्ट निराळी. तो बहुधा पानांत आधीं नसतो. अडकून राहिलेल्या साखरेपासून तो त्या वेळीं नव्यानें घडविला जातो, आणि त्यास दिवसा स्वच्छ ऊन व रात्रीं गोठणार नाहीं इतपत थंडी लागते. म्हणून तेथेंहि एखादें वर्ष रंगाचें, तर एखादें अगदीं फिकें जातें. या तांबड्या द्रव्याचें नांव अँथोसायनिन. नांव परकें असलें तरी द्रव्य आपल्या ओळखीचें आहे; जांभळें खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ती त्याचीच करामत, आणि कोकमाचा रंगहि त्याचाच.

मावळांत झाडाला पान टाकावयास थंडी लावीत नाहीं. पाण्याची टंचाई लावते. ज्येष्ठांत सुरू झालेला पाऊस आश्विनांत थांबतो, आणि पुढें सात-आठ महिने आकाश बहुतेक कोरडें. पानाच्या अंगावर पाणी वाफ होऊन उडून जाण्याचीं अगणित सूक्ष्म छिद्रें असतात. जमिनींतील ओल आटेल तसतसें झाड हीं छिद्रें मिटूं लागतें, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे पानच टाकून देतें. ओल कांहीं सगळीकडे एकाच दिवशीं आटत नाहीं. मुरमाड उतारावरचें झाड आधीं उघडें पडतें, ओढ्याच्या कांठचें महिना-दोन महिने मागून. त्यामुळें आपली पानगळ पंधरवड्यांत उरकत नाहीं. मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत रेंगाळत राहते. सबंध डोंगर एकाच वेळीं लाल झाला, असें दृश्य येथें मिळावयाचें नाहीं. तेंच हवें असेल त्यानें खुशाल व्हरमाँटचें तिकीट काढावें.

परंतु आपल्याकडेहि एक मौज आहे, ती थोड्या ठिकाणीं असेल. पुणें ते लोणावळा हें अंतर अवघें ६५ किलोमीटर. पुण्यास वर्षाकाठीं ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यास ४,००० मिलिमीटरांहून अधिक. म्हणजे दीड-दोन तासांच्या वाटेंत आपण कोरड्या माळावरून निघून पावसाच्या माहेरीं पोंचतों, आणि त्याबरोबर झाडेंहि पालटत जातात. तळेगांवापर्यंत बाभूळ, बोर व पानझडी झाडें. कामशेतच्या पुढें हिरवा रंग दाटूं लागतो. खंडाळ्याच्या कड्यांखालीं सदाहरित झाडें वर्षभर पालवलेलीं. हें पाहावयाचें तर जुन्या रस्त्यानेंच गेलें पाहिजे. २००२ सालीं पुरा झालेला द्रुतगति मार्ग लौकर पोंचविण्याचें काम चोख करतो. पण त्यावर वाटेंत थांबावयास मनाई, आणि न थांबतां पान दिसत नाहीं. जुनी वाट मूळची सर जॉन माल्कम गव्हर्नर असतांना १८३० सालीं बोरघाटांतून खुली झाली. आगगाडी घाट चढूं लागली ती १८६३ सालीं.

पहिला फेरा घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंतचा. या दिवसांत झाडांकडे पाहूं नये, खालीं पाहावें. नाणे मावळ, अंदर मावळ आणि पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत भात पिकत असतें. एका खाचरांत तें पोपटी, शेजारच्यांत हळदी, आणि त्यापलीकडलें सोन्यासारखें. कारण हळवें भात आधीं येतें व गरवें मागून. लोहगड-विसापूरच्या उतारांवर सोनकीचीं पिंवळीं फुलें अद्याप उरलेलीं असतात. मग कार्तिक लागतो आणि डोंगरावरचें गवत पिकतें. गवत हेंहि पानच, हें आपण विसरतों! हिरवा रंग ओसरण्याचा जो प्रकार मेपलमध्यें तोच येथें पात्यापात्यांत घडतो. प्रथम टोकें तांबूस होतात, पुढें सबंध उतार तपकिरी, केशरी आणि अखेरीस पिंवळसर पांढरा होतो. कामशेतहून पवना धरणाकडे वळावें, आणि दिवस मावळण्यापूर्वींच्या तासांत तिकोना व तुंग या किल्ल्यांचे उतार पाहावेत. तिरपें ऊन गवतांतून आरपार येतें तेव्हां डोंगराला आंतून दिवा लावल्यासारखा भास होतो. गवतांत शिरणारांनीं मात्र कुसळांची तयारी ठेवावी. धोतर असो वा विजार, घरीं येऊन तासभर वेंचीत बसावें लागतें.

पौष-माघांतली खरी पानगळ दिसावयास बरीच साधी. शेमट पिंवळा पडून महिनोन्महिने ओकाबोका उभा राहतो, धावड्याचीं पानें तांबूस होतात, सागाचीं तपकिरी होऊन कागदासारखीं वाजतात. पुण्याच्या वाड्यांतून व बंगल्यांतून लावलेला देशी बदाम या वेळीं लाल होतो, आणि त्याचीं पानें दारांत पडलीं म्हणजे आपण केरसुणी हातीं घेतों. पानें पाहण्यास मोटार लागतेच असें नाहीं.

परंतु मावळाचा खरा तांबडा रंग यानंतरचा. होळी ते गुढीपाडवा हा पंधरवडा त्याचा ऐन भर. या सुमारास घाटाच्या अंगाला, राजमाचीच्या वाटेवर, किंवा लोणावळ्याच्या दक्षिणेस आंबवण्यावरून ताम्हिणीकडे जातांना, रुक्ष जंगलांत मधूनच एखादें झाड नखशिखांत लाल दिसतें. नवखा मनुष्य पळस फुलला म्हणून पुढें जातो. जवळ जाऊन पाहावें तों फूल एकहि नाहीं, सगळीं पानेंच! हा कुसुंब, ज्याला कोशिंब असेंहि म्हणतात. याच्या बियांचें तेल काढतात, आणि याच्यावर पोसलेल्या किड्यांची लाख उत्तम समजली जाते. मेपलचें पान लाल होतें तें गळण्यापूर्वीं. कुसुंबाचें पान लाल असतें तें जन्मतांना. द्रव्य मात्र त्याच कुळांतलें.

कोंवळें पान लाल कां असावें? त्याची त्वचा अजून पातळ, अन्न शिजविण्याची सिद्धता अपुरी, आणि वर फाल्गुन-चैत्राचें ऊन. एवढा प्रकाश अंगावर घेण्याची त्याची ताकद नसते. तांबडें द्रव्य त्यावर छत्रीसारखें काम करतें. किडींना तें नको असावें, असेंहि कित्येक शास्त्रज्ञ मानतात. या विषयावर अद्याप वाद चालू आहे. पान निबर होऊं लागलें कीं हरितद्रव्य भरतें. लालाचें तांबूस, तांबुसाचें पोपटी होतें, आणि आठ-पंधरा दिवसांत कुसुंब इतरांसारखा हिरवा होऊन ओळखूंहि येईनासा होतो. आंब्याची तांबूस पालवी आणि पिंपळाची गुलाबी चकचकीत पानें यांचाहि अर्थ हाच. आणखी नवल असें कीं, पावसाला अडीच-तीन महिने अवकाश असतां, जमीन तापलेली असतां, हीं झाडें पालवतात. खोल गेलेलीं मुळें आणि खोडांत राखून ठेवलेलें पाणी यांवर त्यांचा हा संसार चालतो.

आतां एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पावसाळा संपला कीं 'लोणावळा संपला' अशी आपली समजूत असते. श्रावणांत धबधब्याखालीं उभें राहावयास जागा नसते, आणि माघांत त्याच डोंगराला आपण वाळला, मेला म्हणतों. मेलेल्या वस्तूची काळजी कोण करणार? त्या वाळल्या गवताला माघापासून वणवे लागतात. कांहीं ठिकाणीं गवत जाळलें म्हणजे पुढच्या वर्षीं जोमानें येतें अशा समजुतीनें आग लावली जाते, तर कांहीं वेळां मोटारींतून फेंकलेलें विडीचें थोटूक पुरतें. मोठा कुसुंब आगींतून बहुधा निभावतो. पण गुडघाभर वाढलेलें त्याचें रोप जळतें, आणि तें दरवर्षीं जळत राहिलें तर म्हाताऱ्या झाडाच्या मागें दुसरें उभें राहत नाहीं. टिटवी, चंडोल हे पक्षी जमिनीवर अंडीं घालतात, तीं जातात. उघडी पडलेली माती ज्येष्ठाच्या पहिल्या सरींत ओढ्याला लागते. गांवांतील मुलें डाहळ्या घेऊन आग झोडपावयास धांवतात, हें मीं अनेकदां पाहिलें आहे. पण उभ्या उतारावर वारा सुटल्यावर डाहळी काय करणार? तेव्हां गाडीच्या खिडकींतून कांहीं टाकूं नये, माळावर चूल मांडूं नये, आणि धूर दिसला तर जवळच्या वनरक्षकास किंवा गांवच्या पोलीस पाटलास तत्काळ कळवावें.

कुसुंब पाहावयास जाणारांनीं रविवार टाळावा व पहांटे निघावें. उन्हाकडे पाठ करून पाहिल्यास झाड नुसतें विटकरी दिसतें. पलीकडल्या बाजूस जाऊन, सूर्य झाडाआड धरून, खालून वर पाहावें. पानें अजून मऊ, लोंबतीं असतात, आणि त्यांच्या शिरा न् शिरा मोजतां येतात.