जालन्याच्या बेरजेत न दिसणारी माणसे

२०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार ४६ भरली. पुरुष १० लाख ११ हजार ४७३, स्त्रिया ९ लाख ४७ हजार ५७३. या दोन आकड्यांची बेरीज केली की एकूण लोकसंख्या तंतोतंत येते, एकही माणूस उरत नाही. पण त्याच जनगणनेत पुरुष आणि स्त्री यांच्या जोडीला 'इतर' असा तिसरा पर्याय होता. देशात ४ लाख ८७ हजार ८०३ जणांची नोंद त्याखाली झाली, महाराष्ट्रात ४० हजार ८९१ जणांची. या सगळ्यांना मुख्य तक्त्यांमध्ये पुरुषांच्या रकान्यात मिळवले गेले.

महाराष्ट्राचे प्रमाण निघते लाखामागे सुमारे ३६. तेच जालन्याला लावले तर जिल्ह्यात अशी सातशेच्या आसपास माणसे असावीत. हा केवळ हिशेब आहे, मोजणी नव्हे. तृतीयपंथीयांची वस्ती मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जास्त, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी असू शकतो. आणि 'इतर' म्हणजे सगळे तृतीयपंथी, असेही धरता येत नाही. देशातल्या त्या नोंदींपैकी ५४ हजार ८५४ ही सहा वर्षांपर्यंतची मुले होती. एवढे लहान मूल स्वतःची ओळख सांगत नाही. ती पालकांनी सांगितली किंवा प्रगणकाने लिहिली. उलट स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणवणारे कितीतरी पारलिंगी त्याच रकान्यांत गेले असणार.

पुढचे आकडे आणखी आक्रसतात. २०२४च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशाच्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून साधारण ४८ हजार नावे होती. जनगणनेतल्या आकड्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळण्याची सोय केली आणि २०२०च्या नियमांनी त्यासाठी शपथपत्र पुरेसे ठरवले, वैद्यकीय तपासणीची अट न घालता. तरी २०२३च्या अखेरीस अशी प्रमाणपत्रे देशात सोळा हजारांच्या आसपासच होती. नुसत्या शपथपत्रावर ओळख मिळाली तर लोंढा येईल, ही भीती या आकड्यांत तरी दिसत नाही.

स्वतः सांगितलेली ओळख मानायची का, हा प्रश्न खऱ्या अर्थाने कसाला लागला तो जालन्याच्या शेजारी, जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावी. डिसेंबर २०२०मध्ये अंजली गुरू संजना जान यांनी ग्रामपंचायतीच्या प्रभाग ४ मधल्या, स्त्रियांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथीयांसाठी इथे जागा नाही, म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय फिरवला. आधार होता सर्वोच्च न्यायालयाच्या स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मानणाऱ्या १५ एप्रिल २०१४च्या 'नाल्सा' निकालाचा आणि २०१९च्या कायद्याचा. पण न्यायमूर्तींनी एक गोष्ट बजावली: स्त्री म्हणून लढलात, आता सोयीनुसार पुन्हा पुरुष होता येणार नाही. अंजली निवडूनही आल्या. याच प्रश्नावर मध्य प्रदेशात कटनीच्या महापौर कमला जान यांची निवड रद्द झाली होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाने २००३मध्ये ती रद्दच ठेवली होती. पद स्त्रियांसाठी राखीव आणि त्या मात्र पुरुष, असे ठरले होते. मला घुगे यांचा मार्ग योग्य वाटतो. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा आणि त्या शब्दाला त्याला बांधूनही घ्यायचे.

राखीव जागेचा हा न्याय प्रत्येक ठिकाणी तसाच लावावा, असे मात्र मी म्हणणार नाही. तुरुंग, क्रीडास्पर्धा, मुलींचे वसतिगृह, अत्याचारपीडित स्त्रियांचे आश्रयगृह यांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या समता कायद्यातली स्त्री म्हणजे जैविक स्त्री, असा एकमुखी निर्णय दिला. तो पटो न पटो, त्यामागची स्त्रियांची काळजी खोटी नाही. जालन्यात तर मुळीच नाही. इथे सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१मध्ये ९०३ मुली होत्या, २०११मध्ये ८७० उरल्या. ज्या जिल्ह्यात मुलगी आहे हे कळताच तिचा जन्म नाकारला जातो, तिथे जन्मलिंगाची नोंद पुसट होणे परवडणारे नाही. ती नोंद चोख हवी आणि तिसरा रकानाही तितकाच चोख हवा. या दोन मागण्या एकमेकींच्या आड येत नाहीत.

स्वच्छतागृहांबाबत २०१७मध्येच केंद्राने स्वच्छ भारत अभियानातून सांगितले होते की, तृतीयपंथीयांना आपल्या पसंतीचे स्वच्छतागृह वापरू द्यावे. २०२०च्या नियमांनी रुग्णालयांतले वॉर्ड आणि आस्थापनांतली स्वच्छतागृहे यांची सोय दोन वर्षांत करायला सांगितली. ती मुदत २०२२मध्ये सरली. स्वतःची कडी असलेली, एकट्याने वापरायची बंद खोली बांधली तर स्त्रिया, तृतीयपंथी, आजारी म्हातारा आणि त्याला घेऊन आलेली सून, सगळ्यांचीच सोय होते. खर्च आहे, पण तो वादापेक्षा स्वस्त आहे.

असुरक्षित कोण, याचाही एक आकडा आहे. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. २०१९च्या कायद्याने तृतीयपंथीयावरील लैंगिक अत्याचाराला ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षे. स्त्रियांची सुरक्षितता मागणाऱ्या प्रत्येकाने ही तफावतही मिटवायला सांगितले पाहिजे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. अंबड असो, परतूर असो की भोकरदन, प्रगणक दारात येतील तेव्हा घरातल्या प्रत्येकाची नोंद त्या माणसाला विचारूनच सांगा. आणि जनगणना कार्यालयाकडे एवढीच मागणी: या वेळी 'इतर' रकाना पुरुषांत मिळवू नका, जिल्हावार आणि तालुकावार वेगळा छापा.