‘कडू आहे’ म्हणजे वाईट आहे का? हॉपी पेल एल चाखायची आणि पारखायची कशी

मायक्रोब्रुअरीत गेल्यावर हे दृश्य हमखास दिसतं. मेन्यूकार्डवर ‘हॉपी पेल एल’ असं काहीतरी भारी नाव दिसतं. ग्लास येतो, फोटो निघतो, स्टोरी पडते. मग पहिला घोट घेतला की तोंड वाकडं होतं. ‘अरे, ही एवढी कडू का?’ नेहमीच्या बिअरपेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेले असतात, त्यामुळे कोणी काही बोलत नाही. पुढच्या वेळी मात्र ‘आपली साधीच बरी’ म्हणून विषय संपतो.

यात अडचण अशी की समोर आलेली बिअर चांगली होती की खराब झालेली, हे त्या टेबलावर कुणालाच कळलेलं नसतं. कडू असणं हा पेल एलचा स्वभाव आहे. पण शिळी पेल एलही कडूच लागते, फक्त तिच्यातलं बाकी सगळं निघून गेलेलं असतं. हा फरक ओळखायला फार मोठं ज्ञान लागत नाही. नाक, जीभ आणि चार-पाच गोष्टी माहीत असल्या तरी पुरे.

पेल एल म्हणजे नेमकं काय?

बिअर चार गोष्टींपासून बनते: पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतं. ते कमी भाजलं तर बिअरचा रंग फिकट राहतो, म्हणून ‘पेल’. ‘एल’ हा बिअरचा प्रकार. एलचं यीस्ट लागरच्या यीस्टपेक्षा थोड्या जास्त तापमानाला काम करतं आणि फळांसारखा हलका वास सोडतं. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या लागरच्या असतात.

हॉप्स ही एक वेल आहे, भांगेच्याच कुळातली. तिचा नशेशी मात्र काही संबंध नाही. बिअरला लागतात ती तिची मादी फुलं. छोट्या हिरव्या शंकूसारख्या या फुलांच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी चिकट पूड असते. कडूपणा आणि सुवास दोन्ही तिथूनच येतात. भारतात हॉप्सची लागवड हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात होते.

आज जगभर ‘हॉपी पेल एल’ म्हणून जी मिळते, तिचं मूळ अमेरिकेत आहे. १९७२ मध्ये तिथे ‘कॅस्केड’ नावाची हॉप्सची जात बाजारात आली. तिला मोसंबीवर्गातल्या फळांचा आणि फुलांचा वास होता. केन ग्रॉसमन यांनी कॅलिफोर्नियातल्या चिको गावात दुग्धव्यवसायातली जुनी यंत्रसामग्री जोडून ब्रुअरी उभी केली आणि १९८० मध्ये हीच जात वापरून ‘सिएरा नेवाडा पेल एल’ काढायला सुरुवात केली. अल्कोहोल ५.६ टक्के आणि कडूपणाचा आकडा ३८. या प्रकाराची मोजपट्टी म्हणून आजही तिच्याकडे पाहिलं जातं. आपल्याकडे ही लाट बरीच नंतर आली. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि त्यानंतर महाराष्ट्रात मायक्रोब्रुअरी रुजत गेल्या.

मग इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए?

ती पेल एलचीच जास्त हॉप्सवाली बहीण. इंग्लंडहून भारतात येणाऱ्या जहाजांवर बिअर टिकावी म्हणून तिचा शोध लावला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. खरं तर भरपूर हॉप्स घातलेली फिकट बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होतीच. लंडनच्या हॉजसन यांच्या ब्रुअरीने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या कप्तानांना उधारीवर विकली आणि लांबच्या प्रवासात ती छान मुरली, एवढंच. पुढे १८२० च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअरी या धंद्यात उतरल्या. ‘इंडिया’ हे नाव गिऱ्हाइकामुळे चिकटलं.

कडूपणा कुठून येतो आणि सुवास कुठून?

दोन्ही एकाच फुलातून येतात, पण वेगवेगळ्या वेळी. माल्टच्या गोड पाण्यात हॉप्स तासभर उकळले की त्यातली आम्लं रूप बदलतात आणि कडूपणा उतरतो. मात्र सुवासाची तेलं तेवढ्या वेळात वाफेबरोबर उडून जातात. म्हणून सुवासासाठीचे हॉप्स उकळी संपताना किंवा गॅस बंद केल्यावर घालतात. काही हॉप्स तर बिअर थंड झाल्यावर, ती आंबत असताना किंवा आंबून झाल्यावर टाकतात. याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात.

आमटी करताना फोडणीत घातलेला मसाला आणि शेवटी वरून भुरभुरलेली कोथिंबीर आठवा. दोघांचं काम वेगळं. पेल एलमध्ये या कोथिंबिरीला फार महत्त्व असतं, आणि शिळी झाली की सगळ्यात आधी तीच जाते.

आयबीयू जास्त म्हणजे बिअर जास्त कडू का?

मेन्यूवर किंवा कॅनवर ‘आयबीयू’ असा आकडा असतो. एक आयबीयू म्हणजे साधारण एक लिटर बिअरमध्ये एक मिलिग्रॅम कडू आम्ल. अमेरिकन पेल एलसाठी हा आकडा ३० ते ५० असतो, तर अमेरिकन लाइट लागरसाठी ८ ते १२. म्हणजे फरक मोठा आहे.

पण आकडा प्रयोगशाळेचा, चव तुमच्या जिभेची. इम्पीरियल स्टाउटचा आयबीयू ५० ते ९० असू शकतो, तरी तिच्यातल्या भाजक्या, गोडसर माल्टमुळे ती तेवढी कडू वाटत नाही. कडक कॉफीत साखर वाढवल्यासारखंच हे. म्हणून बिअर निवडताना फक्त आयबीयूवर जाऊ नका. आणि ‘स्ट्राँग’शी याचा काहीही संबंध नाही. स्ट्राँग म्हणजे अल्कोहोल जास्त, कडूपणा जास्त असं नव्हे.

परीक्षक गुण कसे देतात?

बिअरच्या स्पर्धांसाठी परीक्षक तयार करणारी ‘बीजेसीपी’ नावाची संस्था अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाली. तिची गुणपत्रिका ५० गुणांची आहे. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते याला ५ आणि एकूण अनुभवाला १० गुण.

म्हणजे इन्स्टाग्रामवर ज्याचा फोटो जातो त्याला ५० पैकी फक्त ३, आणि आपण जो सोडून देतो त्या वासाला १२! बाटली थेट तोंडाला लावली किंवा बर्फागत गार बिअर गटागटा प्यायली, तर या वासाला आपण मुकतो.

चाखायची कशी?

*आधी ग्लास.* काचेचा, स्वच्छ आणि फ्रीजरमध्ये न ठेवलेला घ्या. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले, तर ग्लासला तेलकटपणा किंवा साबण राहिलाय असं समजा. अशा ग्लासात फेसही टिकत नाही. ग्लास काठोकाठ भरू नका, वास साठायला वर थोडी जागा हवी.

*तापमान.* पेल एलला ७ ते १० अंश सेल्सिअस योग्य. फार गार असेल तर सुवास दबतो आणि जीभ बधिर होते. फ्रीजमधून काढल्यावर दहा-एक मिनिटं थांबा.

*बघा.* रंग फिकट सोनेरी ते मधासारखा असावा. फेस पांढरा आणि बऱ्यापैकी टिकणारा हवा, कारण हॉप्समधली आम्लं फेसाला आधार देतात. थोडा धूसरपणा चालतो, ड्राय हॉपिंगमुळे तो येतो. रंग तपकिरीकडे झुकला असेल तर शंका घ्या.

*वास घ्या, घोट घेण्याआधी.* दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. सतत हुंगलं तर नाकाला सवय होते आणि काहीच कळेनासं होतं. मग क्षणभर स्वतःच्या बाहीचा वास घ्या, नाक पुन्हा ताळ्यावर येतं. काय शोधायचं? संत्र्याची साल, पपनस, ईडलिंबू, गवती चहा, आंबा, पेरू, देवदारासारखं लाकूड, ताजं कापलेलं गवत. जोडीला पाव किंवा बिस्किटासारखा माल्टचा हलका वास. इंग्रजी वर्णनातलं ‘ग्रेपफ्रूट’ माहीत नसलं तरी हरकत नाही. कोकणातलं पपनस त्याचंच जवळचं नातेवाईक. आपल्या स्वयंपाकघरातले शब्द बिनधास्त वापरा.

*छोटा घोट घ्या.* तो तोंडभर फिरवा, गिळा आणि लगेच नाकाने श्वास सोडा. घशातून नाकाकडे जाणाऱ्या या वासातूनच ‘चव’ म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं कळतं. सर्दीत जेवण बेचव का लागतं, ते आठवा.

*आता कडूपणाकडे लक्ष द्या.* चांगल्या पेल एलमध्ये तो माल्टच्या गोडसरपणामागून येतो, वाढतो आणि स्वच्छपणे ओसरतो. तोंड कोरडं होतं आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. तो काढ्यासारखा घशात चिकटून राहत असेल तर तोल बिघडलाय. इथे मराठी कामाला येते, कारण आपल्याकडे ‘कडू’ आणि ‘तुरट’ हे वेगळे शब्द आहेत. कडू ही चव, तर तुरट म्हणजे कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आखडते तसा स्पर्श. पेल एल कडू असावी, तुरट नसावी.

पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. जिभेला कडूपणाची सवय व्हायला दोन-तीन घोट लागतात. तोवर चखण्यातला मसाला पापड आणि झणझणीत चकणा बाजूला ठेवा. तिखटाने जीभ पेटली की कडूपणा आणखी टोचतो. खारे दाणे चालतील, मधूनमधून पाणी प्या.

बिअर खराब आहे हे कसं ओळखायचं?

काही वास हे ठरलेले धोक्याचे इशारे आहेत.

- ओला पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र: बिअरला हवा लागली आहे किंवा ती शिळी झाली आहे. फळांचा वास गायब आणि मागे मधासारखा जड गोडपणा असेल, तर तेही याचंच लक्षण. पेल एलमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हा दोष.
- कुजकट, जळक्या रबरासारखा वास: बिअरला उजेड लागलाय. उजेडाने हॉप्समधली कडू आम्लं मोडतात आणि गंधकाचं एक उग्र संयुग तयार होतं. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांत हे लवकर होतं, तपकिरी बाटलीत कमी. कॅनमध्ये उजेड शिरतच नाही.
- लोणी किंवा बटर पॉपकॉर्न: आंबवण्याची प्रक्रिया अर्धवट राहिली किंवा नळाच्या नळ्या साफ नाहीत.
- शिजलेला मका: उकळणं नीट झालेलं नाही.
- जुनं चीज किंवा घामट मोजे: हॉप्सच जुने वापरलेत.
- आंबलेल्या ताकासारखी आंबट चव: नको ते जिवाणू शिरलेत.

ताजेपणाचं एवढं काय?

हॉप्सची सुवासिक तेलं नाजूक असतात आणि उष्णता त्यांची वैरी. ब्रुअर मंडळींमध्ये ‘३-३०-३००’ असा एक ठोकताळा आहे. साधारण ३२ अंशांत ३ दिवसांत बिअरचं जेवढं नुकसान होतं, तेवढंच २२ अंशांत ३० दिवसांत आणि ३ अंशांत ३०० दिवसांत होतं. नेमकं गणित म्हणून नाही, पण अंदाज म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा.

आता मे महिन्यातलं विदर्भातलं किंवा मराठवाड्यातलं गोदाम डोळ्यांसमोर आणा. तिथे काही आठवडे पडून राहिलेला खोका दुकानातल्या फ्रीजमध्ये कितीही गार केला, तरी गेलेला सुवास परत येत नाही. ब्रुअरने कितीही मन लावून बनवलेली असो, ग्लासात येतो तो नुसता कडूपणा. आणि ‘क्राफ्ट बिअर म्हणजे महागडं कारलं’ हे मत बहुधा इथेच तयार होतं.

म्हणून विकत घेताना:

- मुदत कधी संपते यापेक्षा बिअर कधी भरली ती तारीख बघा. हॉपी बिअर दोन-तीन महिन्यांच्या आत प्यायलेली बरी.
- शेल्फवरची किंवा ट्यूबलाइटखालची बाटली सोडून फ्रीजमधली घ्या. शक्यतो कॅन घ्या.
- पेल एल ‘मुरवण्यासाठी’ साठवून ठेवू नका. वाइनचा नियम इथे चालत नाही.
- मायक्रोब्रुअरीत असाल तर ‘ही बॅच कधीची आहे?’ असं विचारा. बऱ्याच ठिकाणी आधी थोडीशी चाखायला देतात, तेही मागा.

खराब वाटली तर परत देता येते का?

बोलून तर बघा. ‘आवडली नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हिला पुठ्ठ्यासारखा वास येतोय’ किंवा ‘लोण्यासारखी लागतेय, एकदा बघता का?’ असं सांगा. नेमका दोष सांगितला की समोरच्याला तपासता येतं. चांगल्या ब्रुअरीला अशी तक्रार हवीच असते, कारण एका टाकीचा किंवा नळीचा दोष पुढच्या पन्नास ग्लासांत जाणार असतो. पण बिअर ताजी आहे, संत्र्याचा वास आहे, कडूपणा स्वच्छ आहे आणि तरी तुम्हाला रुचली नाही, तर तो दोष नाही. ती तुमची आवड. अशा वेळी गव्हाची बिअर मागवा, ती बरीच सौम्य असते.

शेवटी दोन गोष्टी. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठीही वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि चाखायला म्हणून घेतलेल्या बिअरनंतरही गाडी चालवायची नसते. परीक्षकसुद्धा एका बिअरचे चार-पाच छोटे घोटच घेतात. पारख करायला तेवढे पुरतात.

पुढच्या वेळी ग्रुपमधलं कोणी तोंड वाकडं करून ‘कडू आहे रे’ म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा: वास घेतलास का?