लाईक वाढले म्हणजे विक्री वाढली का?

पीएचडीचा विषय शोधणाऱ्यांकडून एक शीर्षक हमखास ऐकू येतं: 'लघुउद्योगांवर सोशल मीडियाचा परिणाम'. पुढचा आराखडाही ठरलेलाच. शंभर दुकानदार, एक प्रश्नावली, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच पर्याय. बहुतेक जण 'फायदा होतो' यावर खूण करणार. पण त्यातून फायदा झाला की नाही हे कळत नाही, दुकानदाराला काय वाटतं एवढंच कळतं.

समजा, एक ताई घरून फराळ विकतात. एरवी त्यांच्या इन्स्टाग्रामवर महिन्याला दोन-तीन पोस्ट असतात. दिवाळी जवळ आली की रोज चकली नाहीतर अनारशांचं रील. वर्षभराच्या पोस्ट आणि ऑर्डरी तुम्ही आलेखावर मांडल्यात तर दोन्ही रेषा एकाच वेळी वर चढलेल्या दिसतील. सहसंबंध एकदम झकास! पण रील केली नसती तरी दिवाळी आलीच असती ना? सणामुळे पोस्टही वाढल्या आणि विक्रीही. अशा तिसऱ्या घटकाला कन्फाउंडर म्हणतात, आणि व्हायवात पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.

लाईकचंही असंच आहे. पेज लाईक करणारे लोक जास्त खरेदी करतात, हे खरं. पण हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली जॉन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. ज्यांना मुळात तो ब्रँड आवडत होता तेच लाईक करत होते. नुसतं लाईक करायला लावल्याने लोकांची आवड किंवा खरेदी वाढली नाही. म्हणजे फॉलोअरचा आकडा हा ताईंच्या जुन्या गिऱ्हाइकांची हजेरी असू शकतो.

मग कारण आणि परिणाम वेगळे करायचे कसे? मला सगळ्यात आवडलेली युक्ती मायकेल लुका यांची. येल्प या संकेतस्थळावर ग्राहक हॉटेलांना तारे देतात, आणि सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत नेऊन दाखवली जायची. ३.२४ असेल तर ३ तारे, ३.२५ असेल तर साडेतीन. प्रत्यक्षात दोन्ही हॉटेलं जवळपास सारखीच, दिसायला मात्र अर्ध्या ताऱ्याचा फरक! लुका यांनी सिएटलमधल्या हॉटेलांच्या उत्पन्नाशी हे जोडून पाहिलं. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढत होतं. हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर होता, मोठ्या साखळ्यांवर नाही. साखळीची चव लोकांना आधीच माहीत असते; कोपऱ्यावरच्या अनोळखी हॉटेलाबद्दल मात्र दुसऱ्या कुणाचं तरी मत हवं असतं. सिएटलचे आकडे उचलून सोलापूरला लावू नका, पण समाधानी गिऱ्हाइकाला गूगल मॅप्सवर दोन ओळी लिहायला सांगणं हे आणखी एका रीलपेक्षा जास्त कामाचं असू शकतं. हाच तुमचा प्रश्नही होऊ शकतो.

ताईंच्या पातळीवर प्रयोग करायचा तर सणांचे महिने टाळा. दोन-दोन आठवड्यांचे गट पाडा, कारण आज पाहिलेल्या पोस्टवरून ऑर्डर पुढच्या आठवड्यातही येते. कुठल्या गटात काय करायचं ते नाणं उडवून ठरवा. ताईंना ठरवू दिलंत तर त्या साहजिकच गर्दीचे आठवडे निवडतील. ऑर्डर वहीत लिहिताना गिऱ्हाईक नवं की जुनं आणि 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हे दोन रकाने ठेवा. आठवड्याला आठच्या दहा ऑर्डरी झाल्या तर नाचू नका, एवढा फरक योगायोगानेही पडतो.

आणि हो, 'सहा आठवडे पोस्टच करू नका' असं सांगायच्या आधी थांबा. तुमच्यासाठी तो कंट्रोल ग्रुप आहे, त्यांच्यासाठी घरखर्च. माझ्या मते रोजच्या पोस्ट चालू राहू द्याव्यात आणि फक्त पैसे देऊन केलेलं 'बूस्ट' आलटून पालटून चालू-बंद करावं. खिशातून पैसे जातात ते त्याचेच, तेव्हा उत्तराची गरज ताईंनाही आहे. व्हॉट्सअॅपवर भाव विचारणाऱ्यांना उत्तर देणं मात्र प्रयोगात घेऊ नका, ते सगळे आठवडे सारख्याच तत्परतेने झालं पाहिजे.