झाकण हाताने बसलं पाहिजे

भोसरी एमआयडीसीतला पत्र्याचा गाळा. मे महिन्याची दुपार. वर पंखे गरगरतात, खाली गरम हवाच येते. शटरबाहेर टेम्पो उभा आहे. चालक सीटवर आडवा झालाय. त्याला इलेक्ट्रिक कंट्रोल पॅनेल न्यायचंय, आणि पॅनेल अजून तपासायचंय.

आत शिरताच पीव्हीसी कापल्याचा जळकट वास येतो. दोन घोड्यांवर माउंटिंग प्लेट आडवी टाकलेली. फिटर वायरी ठेवायचं चॅनेल कापतोय. राखाडी, दोन मीटर लांब, दोन्ही बाजूंना कंगव्यासारखे दाते. काप घेतला की तो लगेच कानस फिरवतो. धार राहिली तर पुढे कधीतरी ती वायरचं इन्सुलेशन सोलते.

चॅनेल आणि उपकरणं बसवायची डिन रेल यांच्या रेघा मारताना तो मध्ये मोकळी जागा सोडतो. कॉन्टॅक्टरच्या कडेपासून चॅनेलपर्यंत ४० मिलिमीटर. एवढी कशाला, म्हणून विचारतो. ‘‘नंबर वाचायला नको का?’’ मान वर न करताच उत्तर येतं. भोकं सगळी आत्ताच पाडून घ्यायची. एकदा रिले, कॉन्टॅक्टर बसले की ड्रिल बंद, कारण लोखंडाचा चुरा आत गेला तर तो शोधणार कोण? ब्रश फिरतो, मग व्हॅक्यूम.

पलीकडच्या टेबलावर दोघी ताई बसल्यात. वायरींच्या नंबरांचे फेरूल छापणारं यंत्र करकरतं. वायरच्या दोन्ही टोकांना तोच नंबर, मग पिन लग, मग क्रिम्पिंग. त्याचं टूल पुरतं दाबल्याशिवाय सुटतच नाही. सुटलं की लग बोटांत धरून एक हिसका. टिकला तर वायर पुढच्या ढिगात.

उभ्या पॅनेलपाशी उकाडा जास्त जाणवतो. वायरमनचा शर्ट पाठीला चिकटलाय. लाल, पिवळी, निळी पॉवरची वायर डाव्या चॅनेलमधून उतरते. दीड स्क्वेअर मिलिमीटरची राखाडी कंट्रोलची वायर उजवीकडून. ड्राइव्हकडून मोटरला जाणारी केबल सेन्सरच्या वायरींपासून लांब. एका जागी त्यांना ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही, तिथे ती काटकोनात जाते. शेजारून समांतर नेली असती, तर मोटर चालू झाल्यावर सेन्सरला नसलेलं काहीतरी दिसू लागलं असतं.

चॅनेल निम्म्याहून थोडंच जास्त भरलंय. ६० टक्क्यांच्या वर जायचं नाही, हा इथला दंडक. एकमेकींना चिकटलेल्या वायरींची उष्णता बाहेर पडत नाही. साध्या पीव्हीसी वायरचं इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतचं. पॅनेलच्या मानकात बाहेरची हवा फार तर ४० अंश धरलेली असते. या गाळ्यात उभं राहिलं की तो आकडा कागदावरचा वाटत नाही.

चॅनेलच्या आत टाय मारलेला दिसत नाही, हे मला आवडतं. जुने कारागीर वायरींची जुडी दर दोन इंचांवर बांधायचे. फोटोत छान दिसते. पण एक वायर बदलायची तर सगळे टाय कापत बसा.

तसलंच एक जुनं पॅनेल कोपऱ्यात उभं आहे. कुठल्याशा कारखान्यातून दोन मोटरी वाढवायला आलंय. चॅनेलचं झाकण पोट फुगल्यासारखं वर आलेलं, त्यावर काळ्या टेपचे वेढे. टेप काढताच वायरी उसळून बाहेर येतात. निम्म्यांना फेरूल नाहीत. ड्रॉइंग नाही. एक पोरगा मल्टीमीटर घेऊन खाली बसलाय. एक टोक धरायचं, दुसरं शोधायचं. बराच वेळ काही नाही. मग एक बीप. कागदावर एक नंबर. पुन्हा शांत. सकाळपासून हेच चाललंय.

ग्राहकाचा इंजिनीअर येतो. दरवाज्याची अर्थिंगची वेणी ओढून बघतो. बिजागरीपाशी वायरींना पुरेसा झोल आहे का, हे दार चारदा उघडून-मिटून पाहतो. इलेक्ट्रॉनिक कार्डं आधीच सोडवून ठेवलीत. इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर लागतो, काटा अनंताकडे झुकतो. तो नुसतं ‘हं’ म्हणतो.

शेवटी झाकणं. टक, टक, टक. अंगठ्याने दाबत तो वरपर्यंत जातो. उजव्या कोपऱ्यातलं बसत नाही.

‘‘जरा बुक्की मारली की बसतं, साहेब.’’

तो झाकण काढून बाजूला ठेवतो. आत कुणीतरी जास्तीची वायर वेटोळी करून कोंबलीय. पाच-सहा वायरींची. कापायचा कंटाळा, दुसरं काय.

‘‘लांबी काढा. लग नवे मारा. मग बसवा.’’

वायरमन घाम पुसतो, पुन्हा स्क्रू ड्रायव्हर उचलतो. शटरपाशी टेम्पोवाला येऊन उभा राहिलाय.

‘‘दादा, किती वेळ अजून?’’

‘‘अर्धा तास. चहा सांगितलाय, घे.’’